गुबीचा उपास

संक्रांतीला अबोलीची रजा रद्द झाली, त्या दिवशी पद्माताईंनी देवापुढे हात जोडले आणि एवढंच म्हटलं, "देवा, पोरगी घरी येईपर्यंत तिच्या गुबीला रोज तांब्याभर पाणी घालीन. तिला जगवीन. तू फक्त हिला लवकर आण."

सोळा सोमवार, संकष्ट्या, एकादश्या यांत जिचा जन्म गेला, तिला तांब्याभर पाण्याचा नेम म्हणजे किस झाड की पत्ती! पण घोडं अडलं ते नेमकं झाडापाशीच.

गुबी म्हणजे अबोलीचं सक्युलंट. कमळासारखं दिसणारं, जाड जाड पानांचं. गुबगुबीत म्हणून गुबी. बंगलोरला नोकरीवर जाताना अबोलीनं ते आपल्या शाळेच्या वयातल्या दुधाच्या मगात लावून बाल्कनीत ठेवलं होतं आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "मी येईपर्यंत हिला सांभाळ हं." श्रावणापासून संक्रांतीपर्यंत गुबीकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, आणि ती ठणठणीत होती. नवस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत तिचं खालचं पान पिवळं पडलं.

 पद्माताईंनी मीठमोहऱ्या घेऊन गुबीची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लावताच गळून पडली. पद्माताईंनी आळंदीहून आणलेलं तीर्थ घातलं. सोमवारी महादेवाच्या अभिषेकातलं चमचाभर दूधही घातलं. (दूध मगातच होतं तसं पूर्वी. मग तोच, पिणारी बदलली.)

"अहो, ही पोर वाळत चाललीय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

गुरुदत्तराव चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात. त्यांच्या घरात दूध नासलं तरी चौकशी समिती बसते. त्यांनी चष्मा लावला, गुबीचा चारी बाजूंनी फोटो काढला आणि वही उघडली.

"आपण पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतंच. सांग, पानं का गळली?"

"मऊ पडली म्हणून."

"मऊ का पडली?"

"पाणी कमी पडत असेल. बाल्कनीत ऊन किती येतं!"

"मलाही तेच वाटलं," गुरुदत्तराव चटकन म्हणाले. "म्हणून तर मी पान पिवळं पडल्यापासून कंपनीच्या बसला जाताना रोज अर्धी बाटली…" आणि चष्मा पुसू लागले.

"तुम्ही पाणी घालता?"

"रोज नाही. सुट्टीच्या दिवशी नाही घालत."

एवढ्यात फरशी पुसणाऱ्या छबूबाईंनी कंबर सरळ केली. "वहिनी, आता कबूलच करते. माजं बी थोडं असतंय. जाता जाता बादलीतलं चांगलं पानी वतते. ताईचं झाड हाय ना, वाटतं आपल्या हातनं सुकाया नको."

वहीत पाचवा 'का' लिहायचा राहूनच गेला. गुरुदत्तरावांनी ती मिटली. अबोलीच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटलं, तेव्हा छबूबाई पुन्हा फरशीला लागल्या.

पद्माताईंनी गुबीला मांडीवर घेतलं आणि रिक्षानं काळेवाडी गाठली. तिथे रस्त्याकडेला फारूकभाईंची नर्सरी आहे. त्यांनी मग हातात घेतला, वर धरून बुडाकडे पाहिलं, माती हुंगली आणि पद्माताईंकडे पाहिलं.

"काकू, याला खाली भोक नाही."

"मग आहे तो, भाऊ. दुधाचा."

"तेच म्हणतो. घातलेलं पाणी जाणार कुठं? ही बिचारी महिनाभर पाण्यात उभी आहे. मुळं कुजली." त्यांनी गुबीला अलगद उपसलं. खालचं देठ काळं ठिक्कर पडलं होतं. "पाणी किती घालता?"

"तांब्याभर."

"आठवड्याला?"

"रोज." थोडं थांबून त्या खाली बघत म्हणाल्या, "मी. शिवाय आमचे हे, आणि छबूबाई."

फारूकभाईंनी कपाळावर हात मारला. "ही वाळवंटातली जात, काकू. हिच्या पानातच हिचं पाणी असतं. हिला मारलं ते तुमच्या मायेनं!"

पद्माताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून फारूकभाई घाईघाईनं म्हणाले, "अहो, शेंडा चांगला आहे अजून! वाचेल." त्यांनी सुरीनं काळा भाग कापून टाकला, अगदी स्वच्छ पांढरं देठ दिसेपर्यंत. शेंडा कागदात गुंडाळला. सोबत एक भोकाची मातीची कुंडी आणि रेती मिसळलेली भुसभुशीत माती दिली. "चार-पाच दिवस सावलीत नुसती ठेवा, जखम सुकू द्या. मग लावा. लावल्यावर दहा दिवस थेंबसुद्धा नाही. पुढं माती तळापर्यंत कोरडी झाली की मगच घालायचं. पान सुरकुतलं की समजा, आता मागतेय. मागू द्या. न मागता देऊ नका."

म्हणजे जन्मभर जिनं स्वतः उपास केले, तिला आता दुसऱ्याला उपास घडवायचा होता. आणि नवसाचं काय? रोज पाणी घालीन म्हटलेलं! यावर तोडगा गुरुदत्तरावांनी काढला. "देवाला नैवेद्य दाखवतेस तो देव खातो का? तसं हिला पाणी दाखव."

पद्माताईंना ते पटलं. गुबी कुंडीत लागली, आणि रोज सकाळी त्या भरला तांब्या तिच्यापुढे ठेवत, हात फिरवत आणि ते पाणी शेजारच्या तुळशीला घालत. (देवानं ते चालवून घेतलं असावं. त्याला सवय आहे.)

पण फारूकभाईंचं ते वाक्य काही त्यांच्या डोक्यातून जाईना. न मागता देऊ नका. अबोलीला त्या दिवसातून तीनदा फोन करत. सकाळी उठलीस का, दुपारी जेवलीस का, संध्याकाळी पोचलीस का. आणि पलीकडून काय येई? "हो." "हं." "आई, मीटिंगमध्ये आहे." पान पिवळं पडल्यासारखीच उत्तरं ती!  माझ्या मायेनं तिचीही मुळं कुजत असतील तर?

त्यांनी फोन बंद केले. नवऱ्यालाही बजावलं, "तिला मागू दे."

पहिल्या दिवशी त्यांनी अकरा वेळा फोन उचलून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पिठाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी अबोलीच्या उशीचा अभ्रा धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि पुन्हा धुतला. साबुदाणाही न खाता राहणं किती सोपं असतं, हे त्यांना या उपासात कळलं. चौथ्या दिवशी अबोलीचाच मेसेज आला, "आई, बरी आहेस ना?" पद्माताईंनी मन घट्ट करून "हो" एवढंच लिहिलं. (तेही तीन वेळा खोडून. पहिल्यांदा लिहिलं होतं त्यात मेथीच्या लाडवांचा विषय निघाला होता.)

दहाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अबोली! पाठीला सॅक, डोळे सुजलेले.

"आई! काय झालंय तुला?"

"मला? काही नाही!"

"मग दहा दिवस फोन नाही? मला वाटलं मौन धरलंस, नाहीतर ॲडमिट आहेस! बाबांना विचारलं तर म्हणे, आई माती कोरडी झाल्यावर फोन करेल. काय बोलता काय तुम्ही!"

"तू कंटाळतेस ना गं माझ्या फोनला?"

"कंटाळतेच!" अबोली रडत रडत ओरडली. "पण यायला तर हवा ना तो!" आणि आईच्या कुशीत शिरली.

पद्माताईंना वाटलं, देव पावला. फोन थांबवून पोरगी घरी येते हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नव्हतं. त्या दूध तापवायला आत वळल्या, तोच बाल्कनीतून आवाज आला.

"अगंबाई, गुबी! केवढी सुरकुतलीय! कोणी पाणीच नाही घातलं का तुला?"

"अबोली, थांब!" पद्माताई धावल्या. गुरुदत्तराव दाढीचा साबण तसाच ठेवून धावले. छबूबाई ओल्या फरशीवरून घसरत आल्या. पण अबोलीची प्रवासातली लिटरची बाटली गुबीवर रिकामी झाली होती. वर तिनं बेसिनवरून आणखी एक भरून आणायला घेतली होती.

दुपारी मायलेकी रिक्षानं काळेवाडीला. गुबी या खेपेला अबोलीच्या मांडीवर. फारूकभाईंनी कुंडीतली ओलीगच्च माती चिमटीत धरली.

"आता कोणी?"

"हिनं," पद्माताई लेकीकडे बघत म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "माझ्याच पोटची."

फारूकभाईंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि कुंडी परत अबोलीच्या हातात दिली.

"कुंडीला भोक आहे, आज निभावेल. पण काकू, हे झाडाचं दुखणं नाही, तुमच्या घराचं आहे. त्याचं औषध नर्सरीत मिळत नाही."