येतो म्हणजे जातो

"पुरावाच हवा ना? मग असा पुरावा देतो की कचेरीतला तो साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवेल!" सरांनी वकीलबाईंना छातीठोकपणे सांगितलं. भूमितीचे सर ते! सिद्ध करायचं म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं.

भानगड अशी होती, मंडळी. सरांची बायको परदेशात जन्मलेली, तिथलीच नागरिक. लग्न करून इकडे आली आणि रमली. आता तिकडे तिचे वडील एकटे पडले होते. डोळे इतके अधू झाले होते की चहात साखर म्हणून मीठ घालत आणि फोनवर सांगत, "चहा झकास झालाय हं!" तिला त्यांच्याजवळ कायमचं जायचं होतं, तेही नवऱ्याला घेऊन. पण ती खरंच मुक्काम हलवणार आहे याची खात्री पटल्याशिवाय तिथली व्हिसाची कचेरी नवऱ्याचा अर्ज मंजूर करणार नव्हती.

"इरादा नुसता पोटात असून उपयोग नाही," वकीलबाई म्हणाल्या. "डोळ्यांना दिसला पाहिजे. नाहीतर त्यांना एकटीलाच जावं लागेल."

एकटीला! सर घरी आले ते बाह्या सरसावूनच.

"हे बघ," पाचवीतल्या मुलाला सांगावं तसं त्यांनी बायकोला समजावलं. "परत येणारा माणूस सोफा विकत नाही. आपण सोफा विकला. म्हणून आपण परत येणार नाही. सिद्ध!"

"अहो, पण बसायचं कशावर?"

"पुराव्यावर!"

सोफा गेला. फ्रिज गेला. पलंग वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने नेला. घर सोडतोय असं कळवल्याबरोबर घरमालकाला नवा भाडेकरू मिळाला आणि सर आंघोळीला गेलेले असताना तो पडद्यांची मापंही घेऊन गेला! सरांनी सगळ्याचे फोटो काढले. सोफ्यासकट खोली, सोफ्याविना खोली. घर इतकं रिकामं झालं की सर एकदा शिंकले तर भिंती दोनदा शिंकायच्या!

मग सरांनी हुकमाचा एक्का काढला. निरोपाचा व्हिडिओ! शेजारच्या फोटोग्राफरला घेऊन दोघं नातेवाइकांच्या दारोदार हिंडली. आई रडली, मावशी रडली, फोटोग्राफरही रडला, म्हणून चित्र जरा हललं.

सगळं बाड भाषांतरकाराकडून कचेरीत गेलं, आणि एका सकाळी वकीलबाईंचा फोन आला.

"सर, घोळ झालाय! निघताना दारात काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येतो!"

"तेच! भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवलाय. आईला 'येतो', मावशीला 'येतो', लिफ्टवाल्यालासुद्धा 'येतो'! कचेरी विचारतेय, ही दोघं जाताहेत की येताहेत?"

सर मटकन सोफ्यावर बसले. सोफा विकलाय हे जमिनीला टेकल्यावर आठवलं!

"आता पुन्हा चित्रण करा," वकीलबाई म्हणाल्या. "आणि स्वच्छ म्हणा, आम्ही जातो."

लगेच वरात आईच्या दारात! फोटोग्राफरने खूण केली. सरांनी घसा साफ केला.

"आई, आम्ही जातो."

"काय म्हणालास?" आई कडाडली. "दारात उभं राहून असलं अभद्र? येतो म्हण!"

"अगं आई, व्याकरण समजून घे. 'येणे' हे क्रियापद..."

"व्याकरण कुणाला शिकवतोस? बोलायला मी शिकवलंय तुला!"

सरांनी धीर सोडला नाही. खिशातून खडू काढला, उंबऱ्यापाशी बसले. "हे बघ. हे घर. हा बाण बाहेर गेला. बाहेर जाणं म्हणजे...?"

आईने पायाने बाण पुसला. "आता कुठाय तुझा बाण?"

शेवटी सून पुढे झाली. "आई, एकदाच म्हणू द्या ना. नाहीतर ह्यांना सोडून जावं लागेल मला. आणि तिकडे बाबा मिठाचा चहा पिताहेत हो!"

आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बरं. मी कान झाकते. उरक लवकर."

तिने कान झाकले. सरांनी तोंड उघडलं. 'जा' बाहेर आला, 'तो' घशातच अडकला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'जा'!

आईने एक हात काढला. "झालं का रे?"

"नाही गं. होतच नाहीये."

"मग येतो म्हण, बाळा, आणि मोकळा हो."

"येतो," सर म्हणाले आणि ढसाढसा रडले. फोटोग्राफर रडण्याच्या नादात कॅमेरा बंद करायला विसरला आणि बाण पुसण्यापासून रडण्यापर्यंतचं सगळं तसंच्या तसं कचेरीत गेलं!

आणि काय सांगू! अर्ज मंजूर!

"साहेबाने काय कळवलंय माहितेय?" वकीलबाई फोनवर ओरडत होत्या. "जे खरंच कायमचे निघालेले नसतात, त्यांची आई एका शब्दासाठी अशी भांडत नाही!"

सर उडाले! बायको उडाली! रिकाम्या खोलीत दोघांनी फेर धरला!

"फक्त प्रवासाची परवानगी हातात पडायला अजून काही महिने लागतील," वकीलबाई म्हणाल्या. "तोवर निवांत घरी बसा."

घरी? तेवढ्यात दारावरची बेल वाजली. नवा भाडेकरू सामानाचा टेम्पो घेऊन हजर होता, आणि टेम्पोत सर्वांत वर होता सरांचाच सोफा!

संध्याकाळी दोघं आईच्या दारात उभी राहिली. चार बॅगा, दोन उशा, आणि खाली घातलेल्या माना.

आईने बॅगांकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. पदराआड हसू काही मावेना.

"तरी सांगत होते, येतो म्हण! जातो म्हणाला असतास, तर आज कुठं गेला असतास?"