उजळाईवाडीत एकवीस विमानं

माझ्या तक्त्यात चूक नसते. हे मी गर्वानं सांगत नाही, मोजमापानं सांगते. बावीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतेय. घरातला गॅस कोणत्या दिवशी संपणार हे सिलिंडरच्या आधी मला कळतं! त्यामुळे आप्पा जेव्हा म्हणाले, "विद्याश्री, मला रविवारी आठ विमानं पाहिजेत," तेव्हा मी न दचकता फक्त पट्टी आणि पेन्सिल शोधली.

आप्पा म्हणजे माझे सासरे, कॅप्टन शिवलिंग पट्टणशेट्टी. चौतीस वर्षं त्यांनी प्रवासी विमानं चालवली. निवृत्त होऊन कोल्हापूरला आले आणि सहा महिन्यांत घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलून मोकळे झाले. मग त्यांना इंटरनेटवर हौशी वैमानिकांचं एक मंडळ सापडलं. जगभरची माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरवर विमान उडवतात आणि दुसरी काही माणसं हेडफोन लावून, कंट्रोलर होऊन त्यांना चढा, उतरा, थांबा असं सांगतात. विमानं खोटी; पण नकाशा खरा, हवामान त्या क्षणाचं खरं, आणि शिस्त खऱ्याहून कडक!

मला याचं फार कुतूहल वाटलं. ज्यानं अठरा हजार तास खरं विमान उडवलं, त्याला या खेळात काय मिळत असेल? विचारलंच एकदा.

आप्पा म्हणाले, "चौतीस वर्षं कंट्रोलरचं ऐकलं. दर वेळी मनात म्हणायचो, खुर्चीत बसून बोलायला याचं काय जातंय! आता त्या खुर्चीत बसून बघायचंय, नेमकं काय जातं."

हा प्रश्न मला शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य वाटला.

पण खुर्ची फुकट मिळत नाही. परीक्षा असते. परीक्षक तासभर ऐकतात आणि त्या तासात किमान आठ विमानं यावी लागतात. मंडळाच्या नकाशावर मुंबई, दिल्ली, दुबई हिरव्या ठिपक्यांनी लुकलुकतात. कोल्हापूरचा ठिपका मात्र कायम करडा, कारण आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळाला कोणी कंट्रोलरच नाही! तो ठिपका हिरवा करायचा, एवढीच आप्पांची इच्छा. दोनदा परीक्षा ठरली, दोनदा परीक्षकबाई कोचीनहून हेडफोन लावून तासभर बसल्या, आणि दोन्ही वेळा आकाशात एक विमान फिरकलं नाही. तिसऱ्यांदा तसंच झालं असतं, तर वर्षभर अर्ज करता आला नसता. आप्पा एकाहत्तर वर्षांचे. त्यांना वर्ष म्हणजे फार मोठं वाटतं.

मी तक्ता आखला. रकाने पाच: नाव, विमान, बेळगावहून उड्डाणाची वेळ, उंची, कोल्हापुरात उतरण्याची वेळ. दोन विमानांत बरोबर सात मिनिटांचं अंतर. सात जण बसणार होते शाहूपुरीत, विजयसिंहांच्या गेमच्या दुकानात. तिथे वीस कॉम्प्युटर आहेत. आठवे उचगावचे गुंडू. त्यांचा दुधाचा धंदा आणि कॉम्प्युटर त्यांच्या घरीच. दोन रविवार मी या आठ जणांना विमान उडवायला आणि उतरवायला शिकवलं.

"चूक होणार नाही ना गं?" आप्पांनी विचारलं.

"सेकंदाचीसुद्धा नाही!" मी म्हणाले.

रविवारी दहाला परीक्षा सुरू झाली. मागून मदत करायला बंदी होती, म्हणून मी आणि सासूबाई दारापाशी गप्प बसलो. सासूबाईंचं, म्हणजे अव्वांचं, नाव चन्नम्मा. गप्प बसणं हा त्यांचा विषय नव्हे.

"अय्यो, किती ठिपके हे!" त्या कुजबुजल्या.

मी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. बेळगावकडून मुंग्यांची रांग निघाली होती. मोजले. एकवीस!

झालं होतं ते असं. विजयसिंहांनी दुकानाच्या फळ्यावर लिहिलं होतं: "आप्पांच्या परीक्षेला विमान घेऊन यायचं हाय. सगळ्यांनी यावं. मिसळ आमच्याकडं." आता कोल्हापुरात "सगळ्यांनी यावं" म्हटल्यावर आठच माणसं येतात का? आलेल्याला परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. बाकीच्यांनी शेजारच्याच्या पडद्यात बघून विमान सुरू केलं आणि तसेच सगळे उडाले!

आप्पा डगमगले नाहीत. प्रवाशांना पट्टे बांधायला सांगणाऱ्या त्या खोल, तुपकट इंग्रजी आवाजात त्यांनी पहिल्या विमानाला उतरायची परवानगी दिली. विजयसिंह उतरले. अगदी सुंदर उतरले. आणि रनवेच्या मधोमध थांबले.

"रनवे मोकळा करा," आप्पा इंग्रजीत म्हणाले.

"आप्पा, उतारलो बघा!" विजयसिंह मराठीत म्हणाले. "मागनं बाकीची मंडळी येतायत की. त्यांना घेऊनच हालतो. एकटं कसं जायाचं?"

आणि त्याच क्षणी मी हातातला तक्ता पुन्हा पाहिला. माझ्या तक्त्यात पाच रकाने होते. उतरण्याची वेळ हा शेवटचा. उतरल्यावर करायचं काय, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं! दोन रविवार मी माणसांना आकाशातून खाली आणायला शिकवलं होतं आणि खाली आल्यावर त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं.

दुसऱ्या विमानाला आप्पांनी पुन्हा वर पाठवलं. तिसऱ्याला पाठवलं. चौथं ऐकलंच नाही. ते रनवेच्या दुसऱ्या टोकाकडून उतरून विजयसिंहांच्या नाकासमोर येऊन उभं राहिलं, जसे दोन व्याही दारात भेटतात तसं!

"कोल्हापूर," परीक्षकबाईंचा बर्फासारखा आवाज आला, "तुमच्या रनवेवर काय चाललंय?"

"स्वागत चाललंय, मॅडम," असं आप्पा म्हणाले नाहीत. पण त्यांच्या मानेवरून मला ते दिसलं.

त्यांनी उरलेल्या सगळ्यांना घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यावर घिरट्या घालत थांबायला सांगितलं, एकाच्या डोक्यावर एक, हजार हजार फुटांच्या अंतरानं. चांगली युक्ती होती. फक्त हवामान खरं होतं आणि महिना जुलैचा!

"आप्पा, हितं काय दिसंना!"

"आप्पा, मी ढगात हाय का पाण्यात?"

"मागं सरक रं, तुझं शेपूट माझ्या काचंत आलंय!"

मग एकाएकी सगळे आवाज बंद. आप्पांनी एकेकाला हाक मारली. उत्तर नाही. अठरा विमानं गगनबावड्याच्या ढगात गोल गोल फिरतायत आणि आत माणूस नाही!

"मिसळ आली असंल," अव्वा म्हणाल्या. त्यांची निरीक्षणशक्ती माझ्यापेक्षा नेहमीच चांगली आहे.

एवढ्यात गुंडूंचा आवाज आला. एकटे तेच घरी होते. "आप्पा, उतारलो!"

आप्पांनी पडदा पाहून इंग्रजीत विचारलं, "कुठं? रनवेवर तर तू नाहीस."

"तिथं गर्दी हाय म्हणून माझ्या रानात उतारलो की! इमानतळाच्या कुंपणाला लागूनच हाय. घर जवळ पडतंय. ऊस वाचवलाय बघा सगळा."

परीक्षकबाईंनी थंडपणे विचारलं, "कोल्हापूर, तुमचं एक विमान शेतात आहे का?"

आप्पांनी हेडफोन नीट केला. घसा खाकरला. चौतीस वर्षांचं इंग्रजी बाजूला ठेवलं.

"अरं लग्नाला आलायसा व्हय रं सगळी!" भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "विजयसिंह, डावीकडं वळ आणि पार शेडपाशी जाऊन हुबा ऱ्हा! समोरच्यानं त्याच्या मागनं जायाचं, गप्पा मारत न्हाई! गुंडू, मी सांगीपतूर तिथनं हालायचं न्हाई! आणि मिसळवाल्यांनो, चमचे खाली ठेवा! शेवटचा घास तोंडात असंल तर गिळा! सगळ्यात खालचं इमान पहिलं येणार, उतरलं की डावीकडं, मग त्याच्या वरचं. मधी कोण घुसला तर त्याच्या घरी येऊन त्याला उतरवीन!"

नंतर कळलं की दुकानात अठरा माणसं ताटांवरून एकदम उठून उभी राहिली होती.

आणि काय सांगू, पुढची पस्तीस मिनिटं मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत सुरेख प्रयोग! एकेक विमान ढगातून बाहेर यायचं, टेकायचं, डावीकडे वळायचं, शेडपाशी जायचं. घड्याळ लावावं असं. कोणी कोणाला शिवलं नाही. कोणी "पण आप्पा" म्हणालं नाही.

शेवटचं विमान शेडपाशी लागलं. मी पदर मुठीत धरला होता. अव्वांनी माझा हात धरला होता.

"कॅप्टन," परीक्षकबाई म्हणाल्या, "इंग्रजी सोडल्याबद्दल तुमचे गुण कापतेय. मला एक शब्द कळला नाही. पण विमानांना कळला. उत्तीर्ण."

अव्वांनी आप्पांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. आप्पांना आभार मानता आले नाहीत, कारण घसा पार बसला होता.

"कळलं," ते माझ्याकडे वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले. "खुर्चीत बसून बोलायला काय जातं ते. आवाज जातो."

मी मुकाट्यानं तक्त्यात सहावा रकाना आखला: रनवे सोडणे. आता तक्ता निर्दोष झाला, अशी माझी खात्री होती.

सोमवारी संध्याकाळी नकाशावर कोल्हापूरचा ठिपका हिरवा झाला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पाच वाजले, सहा वाजले. एक विमान नाही. बोलावणं नसेल तर कोल्हापूरला येतंय कोण? आप्पा नुसते पडद्याकडे बघत राहिले. अव्वांनी दोनदा चहा गरम केला.

सातला पाच कमी असताना हेडफोन खरखरला.

"आप्पा," आवाज हळूच आला. "आता हालू का?"

"कोण?"

"गुंडू. कालपासनं रानात हुबा हाय. मी सांगीपतूर हालायचं न्हाई म्हणालासा की! कॉम्प्युटर बंद केला न्हाई. रात्री बायको, मोना, बसली, सकाळी मी दूध घालायला गेलतो तवा आई बसली. आता मोना म्हणती, एक तर इमान तरी हलवा, न्हाई तर मी म्हायेरला हालते."

आप्पा खुर्चीत ताठ झाले. डोळे पुसले, की चष्मा, ते मला नीट दिसलं नाही. मग त्या खोल, तुपकट इंग्रजी आवाजात, बसलेल्या घशानं, कोल्हापूर टॉवरनं आपल्या पहिल्या अधिकृत विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. वारा पश्चिमेकडून, ऊस डावीकडे.

मी पट्टी घेतली आणि तक्त्यात सातवा रकाना आखला: परत जाणे.