शिपायाचा कर्क आणि राणीसाहेबांचे औषध

श्रीधन्वंतरीचे पायी मस्तक ठेवून, चूकभूल आपले पदरी घेऊन वर्तमान लिहितो ऐसे जे: शके १९४१, विकारीनाम संवत्सरी (संवत्सराचे नावच ऐसे, मग निराळे काय घडावे?) एके राज्यी मैनाबाई राणीसाहेब यांचे उदरी कर्करोगाने ठाणे दिले. गनीम परमुलखीचा नव्हे, शरीरातील घरच्याच पेशी फितूर जाहल्या, आणि वैद्यांनी हात टेकिले, मग राणीसाहेबांनी दरबारचे रसायनी येसोपंत यांस आज्ञा केली की, "पंत, सृष्टीत औषध नसेल तर नवे घडवा." पंत पोरके, राणीसाहेबांनीच लेकाप्रमाणे वाढविलेले, त्यांचे डोळा पाणी आले. मग त्यांनी राणीसाहेबांचे गाठीचा कण काचेचे कुपीत वाढीस लाविला, आणि अणूस अणू जोडून, कोठे शेपूट तोडून, कोठे शिंग लावून, कोणी न पाहिलेली द्रव्ये सिद्ध केली, आणि एक एक कुपीत सोडिले. कैकांस कर्काने भीक घातली नाही. कैकांनी कर्काबरोबर चांगल्या पेशीही कापून काढिल्या. तैसी फत्ते कोणास पाहिजे? अखेर एका निळ्या द्रव्याने कुपीतील कर्क निःशेष केला, आणि तोच कर्क लाविलेले उंदीरही वाचले, मग नौबत झडली, साखर वाटिली.

मग राणीसाहेबांनी निळे औषध सेवन केले. केस गेले, अन्न गेले, कर्क होता तैसाच राहिला. पंतांची मती गुंग जाहली. त्यांनी कुपीतील पेशींची कुळपरीक्षा करविली, तो कर्क पुरुषाचा निघाला! शोध घेता उमगले की, शेजारचे कुपीत एका मृत शिपायाचा कर्क सरावासाठी ठेविला होता, आणि पंतांनी घाईने एकाच नळीने दोन्ही कुप्यांस पोषणाचे पाणी घातिले होते. शिपायाचा थेंब इकडे आला, आणि तो चपळ, त्याने राणीसाहेबांच्या मंद पेशींस उपाशी मारून कुपी बळकाविली. सारी मोहीम त्याजवरच जाहली.

पंतांनी पलंगापाशी बसून सर्व कबूल केले. राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही शिपायास औषध देत होता?"

"होय, आईसाहेब."

"तो बरा जाहला असता?"

"कदाचित. परंतु तो आधीच वारला."

राणीसाहेबांस हसू आले, हसता कळ आली. मग म्हणाल्या, "माझा कण पुन्हा घ्या."

"आईसाहेब, आता उशीर जाहला."

"मला जाहला. पुढे जिला हा होईल, तिला नाही. आणि पंत, नळी वेगळी ठेवा."

पंत ओक्साबोक्शी रडले, आणि कण घेतला. पंधरवड्यात राणीसाहेब कैलासवासी जाहल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. औषध अद्याप नाही. राणीसाहेब गेल्या, त्यांचा कर्क कुपीत सुखरूप आहे, आणि येसोपंत रोज सकाळी स्वच्छ नळी घेऊन त्यास जेवू घालितात. इति.