जगूकाकांचा गस्ती फुगा

चिखले गावातले आमचे शेजारी जगूकाका भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, टिचकी मारतात. समोर जे काही फुगीर असेल त्यावर. कलिंगडावर मारतात, सायकलच्या टायरवर मारतात, आणि दर रविवारी सकाळी कुंपणापाशी माझ्या पोटावर मारतात. मग मान तिरकी करून ऐकतात आणि निकाल देतात, "दाब बराबर आहे, मास्तर." आत माझी बायको हसते. डहाणूच्या शाळेत वीस वर्षं मी पोरांना धाकात ठेवलं आहे, पण या माणसापुढं माझं काही चालत नाही.

काकांची चिकूची वाडी आहे, थोडा भात आहे, सगळं व्यवस्थित आहे. फक्त डोक्यात शंभर वर्षांपूर्वीचे फुगे आहेत. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या इंग्रजांच्या बोटी बुडवू लागल्या, तेव्हा त्यांच्या नौदलानं घाईघाईत लांबट फुगे बनवले आणि समुद्रावर गस्तीला सोडले. हे मला इतकं पाठ आहे, कारण काकांनी ते मला दोन लग्नांत, एका बारशात आणि एकदा तिरडी बांधता बांधता सांगितलं आहे.

"घाई किती, तर माणसं बसायला पाळणा करायचीपण सवड नाही," काका सांगतात. "मग काय केलं, बोला. एका जुन्या विमानाचे पंख काढले आणि नुसतं धड फुग्याखाली टांगलं. पुढं बिनतारी संदेशवाला, मागं चालवणारा. तासन् तास वर. थंडीनं बोटं वाकडी."

मी एकदा सहज विचारलं, की या फुग्यांनी पाणबुड्या बुडवल्या तरी किती? काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "बुडवणं हे त्यांचं कामच नव्हतं. बोटींच्या बरोबर सावकाश चालायचं. वर फुगा दिसला की पाणबुडी डोकं वर काढायला बिचकायची. सोबत करणं हेपण काम असतं, मास्तर."

हे सोबत करणं त्यांच्या अंगात भिनलं होतं आणि त्याचा ताप होता निर्मलाकाकींना. काकी शिवणकामात पक्क्या. तलासरीला बायकांना शिवण शिकवायला त्या आठवड्यातून तीनदा जातात. साठी जवळ आली तेव्हा दोन बस बदलायला कंटाळून त्यांनी स्कूटर घेतली, शिकल्या आणि एकट्या निघाल्या. म्हणजे त्यांना वाटलं एकट्या. मागून दहा हातांवर काका, जुन्या मोपेडवर, चिखल्यापासून तलासरीपर्यंत. मागून ट्रक आला की हात पसरून त्याला थांबवायचे. वर्ग सुटेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर बसायचे. शिकायला येणाऱ्या बायका खिडकीतून बघून खुदुखुदु हसायच्या.

शेवटी काकी चिडल्या. माझ्या देखत म्हणाल्या, "मी काय बोट आहे? सोमवारपासून मी एकटी जाणार. पुन्हा मागं दिसलात तर तलासरीलाच खोली घेऊन राहीन." काकी बोललेलं करतात. काकांनी कुलदैवताची शपथ घेऊन सांगितलं, की मोपेडला हात लावणार नाही.

त्याच संध्याकाळी काकांनी जाहीर केलं की वाडीत वटवाघळं फार झाली आहेत, तेव्हा सोमवारच्या आत गस्ती फुगा बनवायचा. मे महिन्याची सुट्टी, त्यामुळं मी आपोआप भरती झालो. आत प्लास्टिकची पिशवी, बाहेर छत्रीचं काळं कापड, लांबी साधारण बैलगाडीएवढी. शिवण काकींनीच घातली, दुहेरी. डहाणूच्या फुगेवाल्याकडून गॅसची नळकांडी आणली. खाली विमानाच्या धडाऐवजी चिकूची टोपली टांगली, तिला काकांचा फोन घट्ट बांधला. तो वरून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करणार, म्हणजे आम्हाला खाली सगळं दिसणार.

"पण वटवाघळं रात्री येतात ना?" मी विचारलं.

"दिवसा ती झोपतात कुठं, ते आधी हेरायला नको?" काका म्हणाले आणि गाठ आवळायला वळले.

सोमवारी सकाळी काकी निघायच्या सुमारास फुगा तयार होता. तो अंगणात नुसता तरंगावा, उडू नये, म्हणून काकांनी टोपलीत वजनाला कच्चे चिकू भरले होते. दोराचं टोक चिकूच्या बुंध्याला बांधलं होतं. टोपलीतले एकेक चिकू काढत जायचे, म्हणजे फुगा हळूहळू झाडांच्या वर जाईल, असा शास्त्रशुद्ध बेत. काका चष्मा आणायला आत गेले. मी फोन लावत होतो.

तेवढ्यात जमनाबाई आल्या. त्या पंचवीस वर्षं या वाडीत चिकू उतरवतात आणि निवडतात. वाडीत भरलेली टोपली दिसली की ती निवडायच्या ढिगावर ओतायची, हा त्यांच्या हाताचा धर्म. त्यांनी वर पाहिलंही नाही. टोपली ढिगावर नेली आणि पालथी केली.

फुगा सुसाट वर गेला. दोराचं सगळं वेटोळं भराभरा सुटलं, शेवटी दोर खाडकन ताणला गेला आणि बुंधा हादरून पाच-सहा चिकू माझ्या डोक्यावर पडले. काका चष्म्यासह धावत आले.

"भरली होती, म्हणून ओतली," जमनाबाई म्हणाल्या. "रोज ओतते तशीच."

काका त्यांना काहीतरी बोलणार होते, पण त्यांची नजर माझ्या फोनवर गेली. ठरवलं होतं त्याच्या तिप्पट उंचीवरून आता सगळं दिसत होतं. झाडांचे शेंडे, सुरूची रांग, समुद्र आणि घोलवडवरून तलासरीला जाणारा रस्ता पार वळणापर्यंत. काकांनी वटवाघळाचं नाव काढलं नाही. ते रस्ता शोधत होते. रस्त्यावर एक नारिंगी ठिपका चालला होता, काकींचं हेल्मेट.

वळणावर ठिपका थांबला. काकी स्कूटरवरून उतरल्या, मागं वळल्या आणि त्यांनी सरळ आमच्याकडं बघून हात हलवला. मग पुन्हा बसल्या आणि वळणाआड गेल्या. दुहेरी शिवण आपण कशासाठी घालतोय, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला सोमवारी कळलं.

काका हलले नाहीत. दोर बांधलेला होता, तरी त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता. वळणापुढचं काही दिसत नव्हतं, पण ते तिकडंच बघत राहिले.

कॉल बंद केल्यावर तासाभरानं आकाशात फोन वाजला. काकांचाच. उचलणार कोण? दोन मिनिटांनी माझा वाजला.

"मास्तर, त्यांना सांगा, पोचले मी," काकी म्हणाल्या. "आणि संध्याकाळी परत येईपर्यंत तो फुगा खाली उतरवू नका म्हणावं. वळणावरून दिसतो. बरं वाटतं."

मी शब्दशः सांगितलं.

"मास्तर, दोर जरा धरता का?" काका म्हणाले. "मी बाहेर खुर्ची आणतो. यायला तिला पाच वाजतील."

मी दोर हातात घेतला आणि म्हटलं, "दोन आणा."