न्हाणीतली हाक

नळीतून आवाज कसा न्यायचा, हे या पुंजारामला कोणी शिकवू नये! शेतात पाइपाला तोंड लावून मी पार नाल्यापलीकडच्या माणसाला जेवायला बोलावलं आहे. त्यामुळे नगरपालिकेवाले आमच्या गल्लीतली गटाराची नळी आवाजाने तपासणार म्हणाले, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही.

त्यांच्या माधवी मॅडमनी समजावून सांगितलं. वरच्या चेंबरमध्ये भोंगा, खालच्यात माइक. आवाज पुरता पोचला तर नळी साफ. कमी पोचला तर आत मुळं शिरली, मग खोदायचं. आणि नळी जाते आमच्या संत्र्याच्या झाडाखालून.

ते रोप माझ्या बायकोने, सुभद्राने, माहेरून, मोर्शीहून, एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. फळं इतकी आंबट की कावळासुद्धा दुसऱ्यांदा येत नाही. पण ती गेल्यापासून माझं बोलणं होतं ते त्या झाडाशीच.

मी ठरवलं, भोंग्याचा आवाज कमी पडला तर आपला घालायचा! न्हाणीची जाळी काढली आणि हौदावर वाकलेल्या म्हशीसारखं तोंड मोरीला लावलं. पण ओरडायचं काय? भोंग्यासारखं काही जमेना. त्या न्हाणीत जन्मभर जे ओरडलो, तेच तोंडातून निघालं.

"अवं सुभद्रा, टावेल दे वं!"

पोचलं नसेल म्हणून पुन्हा, जास्त जोरात.

माइकला मोठा स्पीकर जोडलेला होता, हे मला बाहेर आल्यावर कळलं. सगळी गल्ली स्पीकरकडे बघत उभी. समोरच्या शेषरावांनी तर डोक्यावरची टोपी काढली होती. हे कोण बोललं, असं मॅडमनी विचारलं.

"आमचे भाऊजी हायेत," शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या. "सुभद्रा होती तवा रोजचंच होतं हे."

मशीन फक्त भोंग्याचाच आवाज मोजतं, माझ्यामुळे तपासणी वाया गेली, असं मॅडमनी हळूच सांगितलं. पुन्हा भोंगा लागला. मला झाडाखाली बसवलं, तोंड बंद. मी बुंध्याला हात लावून बसलो.

"काका, नळी साफ आहे. झाडाला हात लावायची गरज नाही."

मैनाबाईंनी कुंपणावर एक धुतलेला टॉवेल आणून टाकला. "भाऊजी, आता आठवणीनं नेत जा."

दुसऱ्या दिवशी अंगावर पाणी घेतलं, मग आठवलं. टॉवेल कुंपणावरच!

हाक तोंडाशी आली होती. गिळली. नळी साफ आहे, थेट गल्लीत ऐकू जाते.