क्लाउडच्या स्थळाची चौकशी

श्रीवैजनाथाचे चरणी मस्तक ठेवोन, परळी मुक्कामी वधूवर मंडळावर जे संकट गुदरले आणि जे शर्थीने निवारिले, त्याची हकीकत येथे लिहिली असे. पुढिलांनी वाचोन बोध घ्यावा. न वाचताच ‘मान्य’ म्हणणारांनी विशेष घ्यावा.

मंडळाच्या धनीण वज्रचुडेमंडित शांतादेवी चौकशीच्या कामी मोठ्या जबरदस्त. गेवराईचे स्थळ आले तर गेवराईस जासूद रवाना व्हावा, दूधवाल्यास पुसावे, मुलाचे वर्गमित्र फोडावे, आणि मग होकार द्यावा. मुलामुलींचे फोटो, पाठीवर माहिती लिहिलेले, लोखंडी कपाटात, किल्ली कमरेस. बापाच्या परवानगीवाचून फोटो बाहेर जाणार नाही, ऐसा शब्द त्यांनी घरोघर दिला होता, आणि त्या शब्दावरच मंडळ उभे होते.

ऐसे असता भाचा संगमेश्वर, संगणकाचा पदवीधर, याचे मनात सुधारणा संचरली. त्याने गगनकोठी नामे कंपनीच्या क्लाउडवर अवघे कपाट चढविले. कराराचा मजकूर लांबच लांब, तो अंगठ्याने सरसर खाली लोटिला, आणि तळाशी ‘मान्य’ दिसताच तेथे बोट हाणोन चहा मागविला.

मग एके दिवशी कंपनीचा खलिता ईमेलमार्गे आला की, शर्ती बदलल्या आहेत, वापर चालू ठेविल्यास मान्य समजू. यादीवर सह्या जाहल्यावर यादी बदलणारी ही सोयरीक कोणती, ऐसे म्हणोन शांतादेवींनी फर्मान सोडिले की, करार अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचावा.

“कंपनीचं गाव कोणतं?”

“तिला तसं गाव नसतंय, मावशी.”

“मग चौकशीला जायचं कुठं? उद्या भांडण झालं तर?”

“सिंगापूरच्या कोर्टात.”

“परळीहून येष्टी हाय का तिकडं?”

संगमेश्वर पुढे वाचू लागला, तो कलम निघाले की, ठेविलेला मजकूर कंपनीचे सहयोगी पाहतील व वापरतील.

“सहयोगी कोण?”

“नावं लिवली न्हाईत.”

“म्हंजे पोरींचे फोटो कुणाच्या घरात जाणार, हे कुणालाच ठाऊक न्हाई. आन् तू मान्य म्हणालास! तुझ्या लग्नात बी पोरगी न बघताच मान्य म्हण.”

आणखी ऐसे की, नुकसान जाहल्यास भरपाई भरलेल्या भाड्याइतकीच. आणि पहिले वर्ष फुकट, सबब भरपाईही तितकीच भरघोस.

मग कंपनीचा परळीचा विक्रीदूत केदारनाथ यास पाचारण जाहले. तो टाय बांधोन, माहितीपत्रकांचा सरंजाम घेवोन दाखल जाहला आणि करार पाहोन हसला.

“काकू, एवढं कोण वाचतंय? आमी बी वाचलं न्हाई.”

शांतादेवी शांतपणे वदल्या, “तुमच्या आईनं तुमचा फोटो आमच्याकडंच दिलाय. निळ्या सुटातला. तो बी वरच हाय.”

केदारनाथाचा चेहरा औष्णिक केंद्राच्या राखेगत जाहला. “पगार बी लिवलाय का त्यात?”

“तुमी सांगितला तेवढा.”

“आमच्या साहेबांना दिसंल का?”

“साहेब सहयोगी असतील तर दिसंल की.”

ऐकताच तो वीर फितूर होवोन शांतादेवींचे पक्षास मिळाला, आणि तेथेच बैसोन स्वतःच्याच कंपनीवर फोनची तोफ डागिली. साहेबांचे साहेब उठविले, आवाज चढविला, गयावया केली, आणि सूर्य मावळता मावळता तह पदरी पाडिला.

तह ऐसा की, सर्व फोटो मंडळाचे स्वाधीन करावे, खाते मोडावे, आणि आजवर एकही फोटो सहयोगींस दिला नाही, ऐसे कंपनीने लिहोन द्यावे. तैसे तिने लिहोन दिले. फोटो पुनश्च कपाटात गेले. शांतादेवींचा शब्द बहुतांशी राहिला.

बहुतांशी म्हणण्याचे कारण, तहाच्या तळाशी बारीक अक्षरात मजकूर निघाला की, कंपनीकडील फोटोंच्या राखीव प्रती वाजवी काळानंतर पुसल्या जातील. वाजवी म्हणजे किती, ऐसे शांतादेवींनी पुसले असता, पुसल्याबद्दल कंपनीने आभार मानिले.

येणेप्रमाणे मंडळाची फत्ते जाहली, ती येथे नोंदिली असे. मिती मात्र वाजवी काळ सरल्यावर घालावी.