एस्तेरबाईंची कढई

एस्तेरबाईंच्या स्वयंपाकघरात मी कढई आहे. ही काही माझी तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. भांडी घासताना त्या एकेका भांड्यावर एकेका माणसासाठी प्रार्थना करतात, आणि त्या वाटपात माझ्या वाट्याला कढई आली. तीही बुडाला जाड काळा थर बसलेली.

“मीच का?” असं मी एकदा विचारलं होतं.

“तुमाले राख लागते, म्याडम,” त्या मोठ्या मायेनं म्हणाल्या. “पावडरीनं निघत नाई तुमी.”

गावच्या शाळेत मी एकवीस वर्षं शिकवते आहे. इतक्या थोडक्यात माझी कोणी वासलात लावली नव्हती.

आमचं गाव नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मधे, धानाच्या बांध्यांत. गाव संपलं की नहर आणि नहराच्या पलीकडे जंगल. गावात ख्रिस्ती घरं चार. त्यातलं एक एस्तेरबाई आणि त्यांचे यजमान शमुवेलभाऊ यांचं, माझ्या घराला लागून. मधे काट्याकुट्यांचं कुंपण, त्यामुळे त्यांची मोरी माझ्या ओट्यावरून सबंध दिसते आणि त्यांचा आवाज तर न दिसताही पोचतो. पहाटे पाचला झाडू हातात घेतला की बाई मोठ्यानं वर्दी देत: “प्रभू, चला, अंगण घेतलं!” मग सडा, मग चूल, मग पाणी. देवाला दिवसभर मागे मागे फिरवणारी ही एकच बाई मी पाहिली. मी नास्तिक नाही, पण पाचला उठवलं की होते.

भांड्यांची वाटणी सगळी पाठ झाली होती मला. पाळकसाहेब म्हणजे चहाचं पातेलं, कारण ते उतू जातात. सरपंच झारा. “कितीही घासा, भोकं आहेतच. पण घासाव लागते.” नागपूरला नर्स असलेली मुलगी म्हणजे छोटी वाटी. तिच्यावर त्या एवढा वेळ काढत की वाटी झिजून पातळ झाली होती. आणि शमुवेलभाऊ म्हणजे गंज, आमच्याकडचं मोठं पातेलं.

“रिकामा असला का जास्त वाजते,” बाई सांगत. शमुवेलभाऊ ओसरीवरून खो खो हसत.

मला घरकामाचा मनापासून कंटाळा. रोज तीच भांडी, तोच केर, तीच पोळी. बाईंना मी तसं बोलूनही दाखवायची. त्या थांबून माझ्याकडे बघत, अन् “आनंद काही टपकत नाई, म्याडम. हात घालून काढाव लागते,” असं म्हणून पुन्हा राखेत हात घालत. चिखलात पाय घसरून आपटल्या तरी बसल्याबसल्या पहिला शब्द “स्तुती असो!” आणि दुसरा “आई गं!”

त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीच्या वेळी बाकीच्या बाया उठून प्रभूनं केलेल्या मोठमोठ्या गोष्टी सांगत. कोणाचं ऑपरेशन सुखरूप झालं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. एस्तेरबाई उठून सांगत की या हप्त्यात एकदाही दूध नासलं नाही. लोक हसत. पाळकबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना नागभीडच्या महिला सभेत बोलायला सांगितलं, विषय ‘रोजच्या कामातला आनंद’. तेव्हापासून पंधरा दिवस ते भाषण मला कुंपणावरून ऐकावं लागलं. त्यातला झाऱ्याचा भाग उत्तम होता. मी तो शाळेत वापरलासुद्धा.

सभेच्या दिवशी बाई पहाटेच्या जीपनं गेल्या. मला सुट्टी होती. आठच्या सुमाराला शमुवेलभाऊ कुंपण बांधत होते. धानाचे रोवणे आटोपले होते, हवा चांगली होती, आणि मला वास्त्यांच्या भाजीची आठवण झाली. बांबूचे ते कोवळे कोंब मला जीव की प्राण. मी ओट्यावरून म्हणाले, “भाऊ, यंदा वास्ते खायचे राहूनच गेले.”

एवढंच म्हणाले.

चार दिवस वनरक्षक गावात सांगत फिरत होता की नहराच्या पलीकडे कोणी जाऊ नका, वाघ आहे. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ते म्हणाले, घंट्याभरात आणतो. मी म्हणाले, जपून जा. नको म्हणाले नाही. ही गोष्ट मी आजवर इतक्या वेळा मनात फिरवली आहे, आणि दर वेळी मी जपून जा असंच म्हणते.

संध्याकाळी वीस माणसं हाका घालत गेली. ते बांबूच्या बेटाशी सापडले. जे सापडलं ते मी पाहिलं नाही, पाहू दिलं नाही कोणी. निरोप पोचला तेव्हा एस्तेरबाई बोलून नुकत्याच खाली बसल्या होत्या, आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते. हे मला नंतर पाळकबाईंनी सांगितलं.

माती झाली. मुलगी पंधरा दिवस राहून ड्यूटीवर गेली. आणि एस्तेरबाई गप्प झाल्या. रडल्या नाहीत, कामही सोडलं नाही. पाचला झाडू चाले, पण नुसता झाडूच. मला जाग तर यायचीच, मग मी अंथरुणात पडून त्या आवाजाची वाट बघत राही. पाळकबाई भेटायला आल्या, म्हणाल्या, “बाई, आनंद सोडू नका. तुम्हीच तर आम्हाला शिकवलं.” एस्तेरबाईंनी त्यांना चहा दिला.

मोरीत भांडी लखलखीत असत. शमुवेलभाऊंचा गंजही घासलेला. कढई तेवढी भिंतीला पालथी टेकवलेली होती, आणि तिच्यावर गंज चढायला लागला होता. मी ओट्यावरून ते रोज पाहत होते. आता एका माणसाला कढई कशाला लागते, असं मी स्वतःला समजावत होते.

एक्केचाळिसाव्या दिवशी मात्र राहवलं नाही. कुंपणाला वळसा घालून गेले. त्या मोरीत बसल्या होत्या.

“एस्तेरबाई, तुम्हाला एक सांगायचं आहे.”

“वास्त्याचंच ना?” त्या वर न बघता म्हणाल्या.

मी तिथेच ओल्या दगडावर बसले.

“त्याच्या थैलीत वास्ते होते. आमच्या घरी कोणी खात नाई. मले त्याचा वासही चालत नाई. थैली पाह्यली अन् समजली मी, तुमच्यासाठी होते.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“काय बोलू?” त्यांचा आवाज चढला. तो मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “मी तिथी माइकवर आनंद सांगून राह्यली होती, म्याडम! लोक टाळ्या वाजवून राह्यले होते! अन् इथी...” त्यांनी नळ सोडला. मग हळू म्हणाल्या, “रोज तुमची कढई हाती घेते. तोंडातून शब्दच निघत नाई. प्रभूले सांगते, आज नाई होत, उद्या पाहू. अन् ठेवून देते.”

मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही, आणि नाही म्हणूनही सांगितलं नाही. नळाचं पाणी तसंच वाहत होतं. मी उठायला लागले तशी त्यांनी माझा हात ओल्या, राखेनं भरलेल्या हातानं घट्ट धरला.

“बसा. मी निंगाली तवा तो झोपून होता. थकला असंन म्हणून उठवलं नाई मी. तुमच्याशीच बोलला तो शेवटचा. काय म्हणाला?”

माझ्याजवळ त्यांचं काही होतं, आणि ते मी एक्केचाळीस दिवस दडपून बसले होते. हे मला तेव्हा कळलं, आणि स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

मी सांगितलं. “म्हणाले, ‘आमच्या बाईले सांगू नका जंगलात गेलो म्हणून, चिल्लावते. अन् ती यायच्या पह्यले मी भात मांडून ठेवतो. भाषण देऊन थकून येईल.’”

“भात मांडतो म्हणाला?”

“हो.”

“त्याले कुठी येते भात? कच्चा ठेवते नाई तं करपवते.” त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा पार मोडला. चाळीस दिवसांचं रडू आलं. मी हात सोडवून घेतला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं.

“पुना सांगा. पह्यल्यापासून. उभा होता का बसून होता?”

“उभे होते. हातात कोयता होता.”

“सदरा कोणता?”

“निळा.”

“भात मांडतो म्हणाला तवा हसून राह्यला होता का?”

ते मला खरंच आठवत नव्हतं. मी तेव्हा भाजीचाच विचार करत होते.

“हो,” मी म्हणाले. “हसत होते.”